एका जपानी झरणीचा वाद

गेल्या कोजागरीस आमच्या येथील मराठी मंडळींच्या बैठकीत दूध आटावयास अजून अवकाश होता आणि अशा वेळी जे व्हावयाचे तेच झाले, म्हणजे वादास तोंड फुटले. वाद बदल्यांचा नव्हता, महागाई भत्त्याचा नव्हता, राजकारणाचाही नव्हता. तो एका झरणीवरून झाला. फाउंटन पेनास असलेला हा जुना मराठी शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहोत. तो कानास गोड लागतो आणि वस्तूचे कामही सांगतो. रेल्वेत अभियंते असलेल्या आमच्या एका स्नेह्यांस त्यांच्या चिरंजीवांनी टोकियोहून पायलट कंपनीचे 'कॅपलेस' हे पेन पाठविले होते. नावाप्रमाणे त्यास टोपण नाही. मागील बटण दाबले की पुढची लहानशी झडप उघडून सोन्याची निब बाहेर येते आणि पुन्हा दाबले की आत जाऊन बसते.

पेन हातोहात फिरले. लेखापरीक्षा खात्यातील आमचे स्नेही म्हणाले, "अहो, ही कसली झरणी? हा तर बॉलपेनाचा श्रीमंत भाऊ! आणि क्लिप नेमकी निबेच्या डोक्यावर. बोट ठेवावयाचे कोठे?" अभियंते म्हणाले, "साहेब, बोट कोठे ठेवावयाचे तेच ती क्लिप दाखविते. तुमचे बोट भलतीकडे पडत असेल, तर दोष तिचा नव्हे." आयकर खात्यातील बाईंनी दोन ओळी लिहून पाहिल्या आणि निब फार बारीक आहे, कागदास टोचते असा निकाल दिला. त्याच निबेने आपली सही करून चौथे गृहस्थ उद्गारले, "टोचते कोठे? लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते आहे!" पेन एक, कागद एक, शाई एक आणि मते चार. दूध आले तेव्हा वाद तात्पुरता थांबला; मिटला नाही.

घरी परतताना आमच्या मनात आले की, हा वाद आमच्या मंडळींनी काढलेला नाही. जपानी झरणीच्या रूपाविषयी आणि तिच्या निबेच्या स्पर्शाविषयी मतभेद ही त्या झरणीइतकीच जुनी गोष्ट आहे. किंबहुना त्या मतभेदांतूनच ती घडली असे म्हटले तरी चालेल. तो इतिहास थोडक्यात सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू.

अमेरिकेत लुइस वॉटरमन यांनी शाईचा ओघ ताब्यात ठेवणाऱ्या पेनाचे पेटंट इ. स. १८८४ मध्ये घेतले. त्यानंतर फार वर्षे लोटण्यापूर्वीच अशी पेने जपानात पोहोचली. टोकियोतील मारुझेन हे विलायती पुस्तकांचे दुकान त्यांच्या विक्रीचे मोठे केंद्र होते. जपान्यांनी या परक्या वस्तूस नाव दिले 'मान्नेनहित्सु'. म्हणजे दहा हजार वर्षे टिकणारा कुंचला. या नावातच पुढच्या वादाचे बीज आहे. वस्तू पाश्चात्त्यांची, परंतु तिच्याकडून अपेक्षा मात्र कुंचल्याची. ज्या देशात अक्षर हे कुंचल्याने, उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे सरकत लिहावयाचे, तेथे धातूचे टोक हाती आल्यावर हाताने कुरकुर करणे स्वाभाविकच होते.

ही कुरकुर कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी लिहूनच ठेवली आहे. इ. स. १९१२ मध्ये त्यांनी 'मी आणि फाउंटन पेन' अशा अर्थाच्या नावाचा एक छोटा लेख लिहिला. पेलिकन नावाच्या एका पेनाशी आपले कसे पटले नाही, हे त्यात ते मोठ्या गमतीने सांगतात. निळी-काळी शाई त्यांस जात्याच नावडे. म्हणून त्या पेनात त्यांनी तपकिरी छटेची शाई भरली आणि पेन धुण्यापुसण्याची काळजीही घेतली नाही. तेव्हा दोष सर्वस्वी पेनाचा नव्हता हे ते प्रांजळपणे मान्य करतात. मध्यंतरी ते पुन्हा दौतीत टाक बुडविण्याकडे वळले. पण एकदा सुटलेल्या सवयीत मन रमेना. पुढे मारुझेनमधील साहित्यिक उचिदा रोआन यांनी त्यांस ओनोटो हे इंग्लिश पेन भेट दिले आणि ते त्यांच्या हातास मानवले. आधुनिक जपानी गद्याच्या एका थोर शिल्पकारासही आपले पेन गवसावयास अशा खेपा घालाव्या लागल्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्याच सुमारास जपानी माणसे स्वतः पेने करू लागली. हिरोशिमा प्रांतातील कुरे हे आरमारी बंदर. तेथे साकाता क्यूगोरो यांस एका खलाशाने इंग्लंडातून आणलेली झरणी दाखविली, असे सांगतात. त्यांनी इ. स. १९११ मध्ये कारखाना काढला आणि त्या खलाशाची आठवण म्हणून की काय, पुढे त्या पेनांचे नाव पडले 'सेलर'. दुसरे नामिकी र्योसुके. हे टोकियोच्या व्यापारी नौकानयन विद्यालयात शिकवीत. आराखडे काढण्याच्या लेखणीत वारंवार शाई भरावी लागते, या त्रासातून त्यांचे डोके या कामाकडे वळले. वादा मासाओ या सहकाऱ्यासह त्यांनी इ. स. १९१८ मध्ये कंपनी स्थापन केली. तिच्या पेनाचे नाव 'पायलट'. हा पायलट विमानाचा नव्हे, बंदरात जहाजास वाट दाखविणारा. तिसरे नाकाता शुनइची, त्यांनी इ. स. १९१९ मध्ये आरंभिलेल्या व्यवसायातून 'प्लॅटिनम' हे नाव उदयास आले. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस यांपैकी पायलटची ओळख निराळ्या वाटेने झालेली असेल, कारण एके काळी मद्रासेतही त्या नावाची पेने तयार होत असत.

प्रथम रूपाचा वाद घेऊ. आरंभीची जपानी पेने पाश्चात्त्य पेनांसारखीच दिसत. काळ्या एबोनाइटची, सरळ नळीसारखी. एबोनाइट म्हणजे गंधकाने कठीण केलेले रबर. त्याचा दोष असा की, उन्हाने व वापराने त्याचा काळा रंग उडून ते मातकट तपकिरी होते. नामिकींच्या मंडळींनी या दोषावर आपल्या घरातील जुना उपाय शोधला. तो उपाय म्हणजे उरुशी. लाखकाम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सावंतवाडीची खेळणी येतात. परंतु आपली लाख किड्यांपासून मिळते आणि जपान्यांची उरुशी हा एका झाडाचा चीक. तिची रीतही उलटी. ती कोरड्या हवेत वाळत नाही. दमट, उबदार कपाटात ठेवली म्हणजे कठीण होते. पेनास उरुशीचे लेप देण्याची ही कृती १९२० नंतरच्या दशकात सिद्ध झाली आणि डाग टाळण्यासाठी केलेली युक्ती अलंकाराचे साधन बनली. ओल्या उरुशीवर सोन्याची पूड शिंपडून चित्र उठविण्याच्या कलेस माकिए म्हणतात. मात्सुदा गोनरोकु यांच्यासारखे थोर माकिए कलावंत या पेनांच्या कामात शिरले. हेच मात्सुदा इ. स. १९५५ मध्ये सरकारमान्य 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' ठरले. इ. स. १९३० मध्ये लंडनच्या डनहिल या व्यापारी घराण्याशी करार होऊन ही पेने युरोपच्या बाजारात गेली.

आता पाहा. ज्यांस ही पेने आवडली त्यांस ती खिशात मावणारे देवालय वाटली. ज्यांस नावडली ते म्हणाले की, लिहावयाच्या हत्यारास इतका साज कशास? उलट, युद्धोत्तर काळात जपानी कारखान्यांनी दोन्ही टोके निमुळती असलेली काळी, सोनेरी कड्यांची पेने केली, तेव्हा आक्षेप आला तो नेमका उलट दिशेने: हे तर जर्मन पेनाचे अनुकरण! नटली तर बटबटीत, साधी राहिली तर नक्कल. गरीब सुनेची सासरी जी गत, तीच या झरणीची बाजारात झाली.

कॅपलेसने तिसराच मार्ग धरला. इ. स. १९६३ मध्ये ते प्रथम निघाले, तेव्हा त्याची निब पिळून बाहेर काढावी लागे. पुढच्याच वर्षी, टोकियोत ऑलिंपिक भरले त्या १९६४ साली, बटण दाबावयाचे रूप आले. बॉलपेनाने झरणीचे राज्य खालसा करण्यास आरंभ केला होता, त्या काळची ही गोष्ट. टोपण फिरवावयास दुसरा हात लागतो, ही झरणीची अडचण बॉलपेनाने उघडी पाडली होती. तिला हे उत्तर होते. आणि आमच्या लेखापरीक्षक स्नेह्यांस खटकलेली ती क्लिप? तिची जागा हौसेने ठरलेली नाही. खिशात अडकविल्यावर निब वर राहावी आणि शाई खाली न झिरपावी, म्हणून क्लिप निबेच्याच बाजूस असणे भाग आहे. जे पेन तीन बोटांत ठरीव रीतीने धरतात, त्यांच्या अंगठ्याच्या व तर्जनीच्या मध्ये ती सुखाने बसते. जे हात वळवून धरतात, त्यांस ती रुतते. म्हणजे कॅपलेसचे रूप हे मत नव्हे, ती एक गरज आहे. मत ठरविते ते प्रत्येकाचे बोट.

निबेचा वाद याहून खोल आहे. जपानी बारीक निब ही सामान्यतः युरोपीय बारीक निबेहून एक पायरी अधिक बारीक असते. याचे कारण कारखानदारांचा हट्ट नव्हे, लिपी आहे. चिनी वळणाच्या एका अक्षरात वीस-वीस रेघाही असू शकतात आणि त्या सर्व एका लहानशा चौकोनात बसवाव्या लागतात. रेघ जाड झाली तर अक्षर काळा ठिपका होऊन जाईल. शिवाय प्रत्येक रेघेचा शेवट ठरलेला असतो: 'तोमे' म्हणजे थांबणे, 'हाने' म्हणजे उसळी घेणे, 'हाराइ' म्हणजे झाडल्यासारखे सुटणे. हा थांबा आणि ही उसळी साधावयाची, तर टोकास कागद जाणवावा लागतो. निब काचेवरून घसरल्यासारखी धावू लागली, तर थांबावयाचे कोठे हे हातास कळणार नाही. म्हणून सेलरच्या निबेस शिसपेन्सिलीसारखी जी सूक्ष्म खरखर असते, असे तिचे चाहते सांगतात, ती त्यांच्या मते गुण आहे. इंग्रजी वळणाच्या जोडलेल्या अक्षरांत हात न उचलता धावणाऱ्यास मात्र तीच खरखर अडथळा वाटते. सेलरचे निबकार नागाहारा नोबुयोशी यांनी तर लांब दांड्याच्या नागिनाता या शस्त्राच्या नावाची निब घडविली. ती उभी धरली तर रेघ बारीक, कलती केली तर जाड. पोलादी युगात कुंचला परत आणण्याचाच तो प्रयत्न होता. दहा हजार वर्षांच्या कुंचल्याचे नाव असे शेवटी सार्थ झाले.

या इतिहासाचा निष्कर्ष आम्हांस असा दिसतो: निबेविषयीचे मत हे बहुधा निबेविषयी नसतेच, ते लिहिणाऱ्याच्या लिपीविषयी व हाताविषयी असते. जपान्यांनी परक्याची वस्तू घेतली, परंतु आपला हात तिच्या स्वाधीन केला नाही. आपल्या हाताचे तिला ऐकावयास लावले.

आणि येथे आमचा आम्हांसच प्रश्न पडला. आमच्या हाताचे मागणे काय आहे? आमचे पूर्वज बोरूचे तोंड तिरके छाटून लिहीत. मोडी लिहिताना पानभर आडवी रेघ आधी ओढून घेत आणि मग तिच्याखाली अक्षरे धावती सोडीत. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी व्यवहारातून मावळली. बाळबोध राहिली आणि तिच्याबरोबर शब्दाशब्दावरची शिरोरेघ राहिली. निबेच्या दोन पाती एका पातळीत नसतील, तर उभ्या ओढीत ते सहज लपते; आडव्या ओढीत मात्र कड कागदात अडकते. म्हणजे शिरोरेघ ही निबेची खरी परीक्षा. पण परमुलखात नोकरी करणाऱ्या आम्हां लोकांची सारी सेवा टिपणीच्या चिंचोळ्या पानांवर इंग्रजी लिहिण्यात आणि सही करण्यात जाते. अलीकडे फायलीच संगणकावर गेल्याने तेही संपत आले आहे. पेन हाती आले की आम्ही पहिली गोष्ट करतो ती इंग्रजी सही. त्या चौथ्या गृहस्थांनीही तेच केले होते. बाईंच्या दोन ओळी काय त्या मराठी होत्या.

पुढच्या रविवारी आम्ही अभियंत्यांकडे गेलो, लेखापरीक्षकांसही ओढून नेले आणि ती झरणी पुन्हा मागून घेतली. या वेळी अट एकच घातली: मराठीत पाच ओळींचे पत्र लिहावयाचे. लेखापरीक्षकांनी गावी असलेल्या आपल्या थोरल्या बंधूंस लिहावयास घेतले. "तीर्थरूप दादांस" एवढे लिहून ते बराच वेळ थांबले. वाटले, क्लिप रुतली. ते म्हणाले, "निब चांगली आहे हो, शिरोरेघ सरळ जाते. पण माझेच अक्षर मला ओळखू येईना. दादांस हाताने पत्र लिहून किती वर्षे झाली, तेच आठवीत होतो." मग त्यांनी बोटांची ठेवण थोडी बदलली आणि पाच ओळींच्या जागी पान भरले.

क्लिपविषयीचे त्यांचे मत बदललेले नाही. पेन ओंगळ दिसते, असे ते अजूनही म्हणतात आणि तसे म्हणण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. निबेविषयी मात्र ते आता बोलत नाहीत. दर पंधरवड्यास ती झरणी उसनी मागून नेतात.