भित्र्या बजीचं अभय

पाळीव पक्ष्यांच्या दुकानात जाऊन 'लव्हबर्ड दाखवा' म्हटलं, की दुकानदार बहुतेक वेळा बजीच पुढे करतो. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. बजी म्हणजे ऑस्ट्रेलियातला लांब शेपटीचा इवलासा पोपट. त्याचं पूर्ण नाव बजरिगार, आणि तेही तिथल्या मूळ रहिवाशांच्या बोलीतून आलेलं. नावातली गल्लत चालून जाईल. पण पक्ष्याचं गाव कुठलं, त्याची मागची कहाणी काय, हे माहीत नसलं की त्याचं भिणं आपल्याला कळत नाही. मग 'महिना झाला आणून, खायला घालते, तरी हात घातला की पिंजरा डोक्यावर घेतो' अशी तक्रार सुरू होते. माणसाळत नाही म्हणून पक्षी हट्टी ठरतो.

हट्टी नाही हो तो. त्याचं भय पिढीजात आहे.

ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखात बजी थव्यानं राहतात. एकेका थव्यात कधी शेकडो, कधी हजारो. पाऊस पडेल तिकडे जायचं, गवताचं बी खायचं, पाणवठ्यावर उतरायचं, झाडाच्या ढोलीत अंडी घालायची. वजन जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम. ससाणे आणि शिकरे वरून झडप घालतात. थव्यातला एक दचकला की सगळे उडतात, आणि जो उशिरा उडतो तो मरतो. म्हणजे आज जे बजी आहेत, ते लवकर घाबरणाऱ्यांचेच वंशज. आता आपला हात पिंजऱ्याच्या वरच्या दारातून आत येतो, तेव्हा त्याला काय दिसत असेल? ससाण्याचे पंजेच.

या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन १८०५ मध्ये जॉर्ज शॉ यांनी केलं. पण त्याला घराघरात नेलं ते जॉन गूल्ड या इंग्रज पक्षीतज्ज्ञानं. १८३८ मध्ये गूल्ड पती-पत्नी ऑस्ट्रेलियाला निघाले. पत्नी एलिझाबेथ उत्तम चित्रकार. धाकटी तीन मुलं आईकडे ठेवून, थोरल्याला बरोबर घेऊन ती बोटीत बसली. परमुलखात तिचं आणखी एक बाळंतपण झालं, आणि चित्रं काढणंही चालूच राहिलं. १८४० मध्ये ते परतले; पुढच्या वर्षी आठव्या बाळंतपणानंतर ती गेली. वय सदतीस. नवऱ्याच्या 'बर्ड्स ऑफ ऑस्ट्रेलिया' या ग्रंथातली ८४ चित्रं तिच्या हातची आहेत. नवऱ्याच्या नावामागे तिचं नाव बरीच वर्षं झाकलेलंच राहिलं. आपल्याला यात नवल वाटू नये.

तिचे भाऊ ऑस्ट्रेलियात स्थायिक होते. त्यांतल्या चार्ल्स कॉक्सेन यांनी घरट्यातून पिल्लं काढून ती हातावर वाढवली आणि मेव्हण्याला दिली. इंग्लंडला गेलेले गूल्ड यांचे बजी असे होते: माणसाच्याच हातून पहिला घास घेतलेले. ते गोड वागले यात आश्चर्य काय! लोकांना वाटलं, हा पक्षी स्वभावतःच गरीब. मागणी वाढली. मग जाळी टाकून हजारोंनी बजी धरले, बोटींवर लादले. कितीतरी वाटेतच मेले. पुढे युरोपात पिंजऱ्यातच पैदास होऊ लागली. मूळचा रंग हिरवा-पिवळा. निळा बजी १८८० च्या सुमारास बेल्जियममध्ये निपजला, १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिला, आणि १९२० च्या दशकात जपानमध्ये त्याचं एवढं वेड पसरलं की किमती आभाळाला भिडल्या. १९६० मध्ये ऑस्ट्रेलियानं देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात बंद केली. आपल्या बाजारातला बजी म्हणजे पिंजऱ्यातच जन्मलेल्या आईबापांचं लेकरू. माणसानं त्याचा रंग बदलला, पण त्याचं भय होतं तसंच राहिलं.

आता माणसाळवण्याचं. पूर्वी दोन सोपे उपाय होते, आजही काही जण सांगतात: पंख कापा, नाहीतर उपाशी ठेवा; झक मारत हातावर येतो. आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार लहानपणापासून ऐकत आलो: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. पंख कापणं म्हणजे छेद. उपाशी ठेवणं म्हणजे अन्नपाननिरोध. आणि पिंजरा? तो बंध आहेच. त्याला दुसरं गोंडस नाव नाही. म्हणून हौसेखातर नवा पक्षी आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नातवानं आणला, शेजारीण गाव सोडताना देऊन गेली, असा जीव दारात आला तर?

तर घाई नको. पिंजरा भिंतीला टेकून ठेवा, म्हणजे एक बाजू तरी निर्धास्त. उंची आपल्या छातीएवढी. जमिनीवर ठेवला तर आपण त्याच्या डोक्यावर ससाण्यासारखे उभे राहतो. स्वयंपाकघरात मुळीच नको: नॉनस्टिक तवा फार तापला की त्याच्या वाफेनं पक्षी मिनिटांत दगावतो. पहिले काही दिवस फक्त दाणापाणी करा आणि जवळ बसून आपली कामं करा. लसूण सोला, वाती वळा, हळू आवाजात बोलत राहा. अंग चोरून, पिसं चापून ताठ उभा असेल तर तो घाबरलेला आहे, तिथंच थांबा. एका पायावर, अंग फुलवून, चोच कुरकुर घासू लागला की समजा, जीव निवला.

मग राळ्याचं कणीस गजांतून धरा. तो दुरून ताणून एक दाणा घेईल. चार-आठ दिवसांनी कणीस हातात धरून दारातून, खालच्या बाजूनं, सावकाश आत न्या. पुढे बोट पायांच्या वर, पोटापाशी हलकेच टेकवलं की तो चढतो. दहा मिनिटं पुरेत. मूठ कधी आवळू नका. एका पकडीत महिन्याची कमाई जाते. बाहेर सोडण्याआधी पंखा बंद, खिडक्या बंद, आरसा झाकलेला.

एवढा सबुरीचा उद्योग कोण करणार, असं वाटेल. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या मॅटी विल्यम्स बाईंनी तो केला. त्यांचा स्पार्की नावाचा बजी पाचशेहून अधिक शब्द बोलायचा. १९५८ मध्ये त्यानं बीबीसीची बोलक्या पक्ष्यांची स्पर्धा जिंकली.

शेवटी एक नाजूक गोष्ट. पर्युषणात, महावीर जयंतीला पक्षी विकत घेऊन सोडण्याची चाल आपल्याकडे आहे. भावना चांगलीच. पण एक तर आपण विकत घेतो म्हणून विकणारा आणखी आणतो. देशी पोपट-मुनियांचा व्यापार तर वन्यजीव कायद्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीपासून गुन्हाच आहे. बजी परदेशी म्हणून दुकानात राजरोस मिळतो. त्याला आपल्या गावच्या आभाळात सोडलं, तर ना थवा, ना ओळखीचं गवत. कावळे आणि शिकरे त्याला संध्याकाळपर्यंत ठेवत नाहीत. ते अभयदान नव्हे. नजरेआड केलेली हिंसा आहे ती.

दारात आलेल्या बजीला मोठा पिंजरा द्यावा, जमल्यास जातीचा एक सोबती द्यावा, रोज घरात थोडं उडू द्यावं आणि त्याची पाच, सात, दहा वर्षं नीट सांभाळावीत. त्याचं भय जाईपर्यंत आपण थांबलो, तर तेच त्याचं अभयदान. आणि त्याच्यामागे दुसरा आणू नये.