पहिले हजार डॉलर

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत 'सीड फंडिंग' नावाचा एक प्रकार असतो. आपल्याकडे उद्योगधंद्यांत ज्याला बीजभांडवल म्हणतात, तेच. विद्यापीठ आपल्या खिशातून थोडे पैसे देतं, साधारण वर्षभर पुरतील इतके. अर्जात एक प्रश्न हमखास असतो: या कामाच्या जोरावर पुढे बाहेरची कुठली ग्रँट मागणार? म्हणजे हे पैसे संशोधनासाठी नाहीतच, पुढचे पैसे मागायची तयारी करण्यासाठी आहेत. बाहेरची मोठी ग्रँट मागायला गेलात की परीक्षक विचारतात, "प्राथमिक निष्कर्ष कुठे आहेत?" आणि प्राथमिक निष्कर्ष काढायचे तर पैसे हवेत. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तशातली गत. हा तिढा सोडवायला बीजभांडवल.

मी स्वतः असे अर्ज लिहिण्यात बरेच शनिवार-रविवार घालवले आहेत. त्यामुळे ही पद्धत मुळात कशी रुजली याची उत्सुकता होती. शोधायला गेलो की परत परत एकाच माणसापाशी येऊन पोचतो: बर्कलीचा अर्नेस्ट लॉरेन्स.

लॉरेन्स १९२८ साली येल सोडून कॅलिफोर्नियाला आला तेव्हा २७ वर्षांचा होता. अणुकेंद्र फोडायचं तर प्रचंड वेगाचे कण हवेत, आणि तेवढा वेग द्यायचा तर लाखो व्होल्टचा दाब हवा, हे तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं. पण एवढा दाब द्यायचा म्हणजे ठिणग्या उडून उपकरणाचीच राख! १९२९ साली लायब्ररीत विडेरो नावाच्या इंजिनियरचा एक जर्मन लेख लॉरेन्सच्या हाती लागला. जर्मन त्याला यथातथाच येत होतं, त्यामुळे त्याने मुख्यतः आकृत्याच पाहिल्या. (परकी भाषा नीट न येण्याचा असा फायदा मला अजून झालेला नाही.) एकच मोठा धक्का देण्याऐवजी कणाला छोटे छोटे धक्के पुन्हा पुन्हा द्यायचे, ही त्या लेखातली युक्ती. विडेरोचे कण सरळ रेषेत जात होते. लॉरेन्सने विचार केला, चुंबकाने त्यांना गोल फिरवलं तर तोच धक्का परत परत वापरता येईल. झोपाळा मागे आला की आपण हलकेच ढकलतो ना, तसं. यातली खरी गंमत अशी की कणाचा वेग वाढला की त्याचा फेराही मोठा होतो, पण एका फेरीला लागणारा वेळ तेवढाच राहतो. त्यामुळे धक्क्यांचा ताल बदलावा लागत नाही. हाच सायक्लोट्रॉन.

कल्पना सुंदर होती, पण कल्पनेवर कोण पैसे देणार? १९३० साली एडलेफसेन या विद्यार्थ्याबरोबर केलेल्या पहिल्या खटपटीतून ठाम असं काही हाती लागलं नाही. मग स्टॅन्ली लिव्हिंग्स्टन नावाच्या दुसऱ्या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी हे काम घेतलं. पितळेची तळहाताएवढी डबी, सुमारे साडेचार इंच व्यासाची, फटी लाखेने बुजवलेल्या. चुंबक विभागातलाच. जानेवारी १९३१ मध्ये या डबीत १,८०० व्होल्टच्या दाबावर हायड्रोजनच्या आयनांना ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा मिळाली. म्हणजे चाळीसच्या वर धक्के बरोब्बर तालात बसले होते.

आता, ८०,००० मध्ये अणुकेंद्र फुटत नाही. वैज्ञानिक दृष्ट्या त्या डबीचा उपयोग शून्य. पण उपयोग निराळाच होता: आता लॉरेन्सकडे एक आकडा होता. तो घेऊन तो नॅशनल रिसर्च काउन्सिलकडे गेला आणि सुमारे हजार डॉलर घेऊन आला. आजच्या हिशोबाने वीस हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे हल्लीच्या एखाद्या सीड ग्रँटइतके! त्यातून ११ इंची यंत्र झालं, आणि १९३२ च्या सुरुवातीला प्रोटॉन १२ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पोचले.

पण त्याच्या आधीच, १९३१ च्या उन्हाळ्यात, लॉरेन्स पुढच्या यंत्राच्या पैशांमागे लागला होता. इथे फ्रेडरिक कॉट्रेल हा माणूस येतो, आणि माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात दुर्लक्षित पात्र हेच. कॉट्रेल पूर्वी बर्कलीतच रसायनशास्त्र शिकवायचा. कारखान्यांच्या धुरातली राख विजेने ओढून घ्यायचं यंत्र त्याने शोधलं होतं. त्याच्या पेटंटचे पैसे स्वतः न घेता त्याने १९१२ साली 'रिसर्च कॉर्पोरेशन' ही संस्था काढली. पेटंटमधून येणारं उत्पन्न संशोधकांना द्यायचं, एवढंच तिचं काम. या संस्थेने लॉरेन्सला ५,००० डॉलर दिले, केमिकल फाउंडेशनने २,५०० दिले. बदल्यात सायक्लोट्रॉनचं पेटंट लॉरेन्सने रिसर्च कॉर्पोरेशनच्या नावावर केलं. धुराड्यांच्या काजळीतून अणुभौतिकी उगवली म्हणायची.

चुंबक तर फुकटच मिळाला. फेडरल टेलिग्राफ कंपनीकडे जुन्या पद्धतीच्या रेडिओ-केंद्रासाठी बनवलेला ८० टनांचा चुंबक पडून होता, तंत्रज्ञान जुनं झाल्यामुळे निरुपयोगी. कंपनीतला एक बडा अधिकारी, लेनर्ड फुलर, बर्कलीत प्राध्यापकही होता. त्याने शब्द टाकला. ऑगस्ट १९३१ मध्ये विद्यापीठाने एक जुनी लाकडी इमारत दिली आणि रेडिएशन लॅबोरेटरी सुरू झाली. हे सगळं ऐन मंदीत, बरं का!

इथवरची गोष्ट बर्कलीवाले फार अभिमानाने सांगतात, आणि सांगावी अशीच आहे. पुढची जरा दबक्या आवाजात सांगतात.

एप्रिल १९३२ मध्ये केंब्रिजला कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी लिथियमचं अणुकेंद्र फोडलं. त्यासाठी दहा लाख व्होल्ट लागलेच नाहीत, काही लाखांतच काम झालं. म्हणजे त्याहून जास्त ऊर्जेचे कण बर्कलीत तेव्हा तयार होते! पण तिथली मंडळी झोत वाढवण्यात आणि पुढच्या यंत्राच्या जुळवाजुळवीत गुंतलेली. अणुकेंद्र फुटलं की नाही ते पाहायची साधनंच नीट मांडलेली नव्हती. केंब्रिजचा प्रयोग त्यांनी त्याच वर्षी करून पाहिला, पण दुसऱ्या नंबरावर.

१९३४ सालची गोष्ट तर त्याहून जिव्हारी लागणारी. पॅरिसला इरेन आणि फ्रेडरिक ज्योलियो-क्युरी यांनी कृत्रिम किरणोत्सर्ग शोधला. साध्या पदार्थावर कणांचा मारा करा, मारा थांबवला तरी पदार्थ काही काळ किरण सोडत राहतो. हा प्रकार बर्कलीत जवळजवळ रोज घडत होता. पण सायक्लोट्रॉन आणि किरण मोजणारा गायगर काउंटर एकाच बटणावर जोडलेले! यंत्र बंद केलं की मोजणीही बंद. पॅरिसची बातमी आल्यावर त्यांनी जोडणी बदलली आणि अर्ध्या तासात त्यांचाही काउंटर टकटक करू लागला. ज्योलियो-क्युरी दांपत्याला १९३५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक बटण. मला यात निष्काळजीपणा कमी आणि सवय जास्त दिसते. ज्या प्रयोगशाळेचा प्रत्येक महिना पुढच्या यंत्राच्या तयारीत जातो, तिथे हातातलं यंत्र हे मोजण्याचं साधन राहत नाही, पुढच्या अर्जातला आकडा होऊन बसतं. आजच्या सीड फंडिंगमध्येही हा धोका आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. वर्षभरात 'दाखवण्याजोगं' काय निघेल, यावरून लोक प्रश्न निवडतात.

अर्थात लॉरेन्सची बाजूही आहे. किरणोत्सर्गी सोडियम, फॉस्फरस सायक्लोट्रॉनमध्ये बनतात म्हटल्यावर त्याने वैद्यकीय उपयोग पुढे करून नवे दाते मिळवले. त्याचा डॉक्टर भाऊ जॉन बर्कलीला आला, आणि १९३६ मध्ये त्याने किरणोत्सर्गी फॉस्फरस रक्ताच्या कर्करोगावर वापरून पाहिला. न्यूक्लियर मेडिसिनची ही सुरुवातच. त्यामुळे पैशाने संशोधनाची दिशा वळवली हे खरं असलं तरी प्रत्येक वळण वाईट निघालं असंही नाही. १९३९ मध्ये लॉरेन्सला नोबेल मिळालं, आणि १९४० मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने १८४ इंची यंत्रासाठी ११.५ लाख डॉलर मंजूर केले. हजार डॉलरपासून नऊ वर्षांत.

याच बर्कलीत मेघनाद साहा १९३६ साली येऊन गेले. आपल्याकडेही असं यंत्र हवं, हे त्यांनी मनावर घेतलं. बासंतीदुलाल नागचौधुरी या आपल्या विद्यार्थ्याला त्यांनी लॉरेन्सकडे पाठवलं. १९४१ मध्ये तो पीएचडी करून कलकत्त्याला परतला. बीजभांडवल टाटांनी दिलं होतं. माणूस तयार होता, आराखडा ठाऊक होता. पण कलकत्त्यात लॉरेन्सच्या दारातल्यासारखी फेडरल टेलिग्राफ नव्हती. सगळे महत्त्वाचे भाग अमेरिकेहून बोटीने यायचे, तेही महायुद्धात. चुंबकाचे भाग पोचले. निर्वात पंप घेऊन येणारी बोट जपान्यांनी बुडवली. पंपाशिवाय सायक्लोट्रॉन म्हणजे नुसतं लोखंड, आणि ते लोखंड मग पंप जमवण्याच्या आणि इथेच बनवण्याच्या खटपटीत कितीतरी वर्षं तसंच बसून राहिलं.