महाराष्ट्रीय पोशाखातील पादत्राणे (खानदेश)

महाराष्ट्रीय पोशाखातील पादत्राणे म्हणजे धोतर, नऊवारी लुगडे यांसारख्या पारंपरिक वस्त्रांबरोबर घालावयाच्या वहाणा, चपला व जोडे होत. 'वहाण' हा शब्द संस्कृत 'उपानह्' या शब्दापासून आला आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत (१९०६ मध्ये विभागणी झालेल्या खानदेशाचे अनुक्रमे पूर्व व पश्चिम भाग) ही वस्त्रे तरुण पिढीत मुख्यतः लग्नकार्य व सणांना नेसली जातात. त्यामुळे पादत्राणेही ऐनवेळी नवी घेतली जातात आणि पाय चावण्याची तक्रार उद्भवते.

प्रकार
या पोशाखाबरोबर कोल्हापुरी चप्पल सर्वाधिक प्रचलित आहे. तिचे कातडे बाभळीची साल व हिरडा यांनी कमावतात आणि ती चामड्याच्या वादीने शिवतात. महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांत बनणाऱ्या या चपलेस भौगोलिक मानांकन आहे. खानदेशाचा त्यांत समावेश नाही. नवरदेव शेरवानीबरोबर मोजडी घालतात. पारंपरिक मोजडीत डावा-उजवा असा भेद नसतो. वापराने ती पायाचा आकार घेते.

निवड
दिवसभराच्या वावराने पाय किंचित सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावे. टाच तळाबाहेर जाऊ नये व अंगठ्यावर ताण येऊ नये. नवी चामडी चप्पल ताठ असते. तिच्या पट्ट्यांना तेल लावून ती काही दिवस घरात थोडा थोडा वेळ वापरावी. नऊवारीबरोबर सपाट तळाची चप्पल सोयीची असते, कारण उंच टाचेत लुगड्याचा काठ अडकू शकतो. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी अंगठ्याची उघडी चप्पल टाळून टाचेला पट्टा असलेले, मऊ तळाचे पादत्राण घ्यावे. अनवाणी चालू नये.

सण व ऋतू
आखाजी (अक्षय्य तृतीया) वैशाखात येते. तेव्हा तापी खोऱ्यात पारा अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर असतो. अशा वेळी तापलेल्या जमिनीपासून जाड चामडी तळ पायाचे रक्षण करतो व उघड्या पट्ट्यांमुळे पायाला हवा लागते. कानबाईचा उत्सव श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी असतो. त्या पावसाळी दिवसांत तेच चामडे भिजून फुगते व त्याची शिवण सैल होते. म्हणून चिखलात रबरी तळाची चप्पल घालून चामडी जोड कोरडा ठेवणे हिताचे. देवघर व मंडपाच्या उंबरठ्याशी पादत्राणे काढावी लागतात. त्यामुळे सहज काढता-घालता येणे हाही योग्यतेचा निकष ठरतो.