तळटीप : रिमफायरची सेंटरफायर
७. रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच असतो. घोडा पडला की फायरिंग पिन ती कड चेपते. ती चेपली जावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो, त्यामुळे जास्त दाब पेलवत नाही. पुंगळीही पुन्हा भरता येत नाही. सेंटरफायरमध्ये बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसते. म्हणून जुनी एकबारी रायफल बदलताना पिनचा ठोका कडेवरून मध्यावर आणतात. मार्लिनने १८७५ पासून बनवलेल्या बॅलार्ड रायफलींपैकी काहींत तर पिन नुसती उलटवून दोन्ही काडतुसे चालत. ही कारागिरी मला फार मोलाची वाटते. मात्र पिन बदलल्याने जुने लोखंड बळकट होत नाही. ते काळ्या दारूच्या दाबापुरतेच घडवलेले असते.