काउंटरवरचे गृहीतक : हॉबी शॉप आणि स्त्री गिऱ्हाईक

अमेरिका व ब्रिटनमधील 'हॉबी शॉप' या दुकानप्रकाराचा इतिहास बहुधा तेथे विकल्या गेलेल्या मालाच्या क्रमाने सांगितला जातो : आधी आगगाड्यांच्या व विमानांच्या प्रतिकृती, मग शिशाचे सैनिक, पुढे युद्धखेळांचे पट, भूमिकाखेळांची पुस्तके आणि त्यानंतर संग्राह्य पत्ते. स्त्रियांना या छंदांत मुळातच रस नसतो, असे या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरले गेले. परंतु माल कोणासाठी बनवायचा, जाहिरात कोठे द्यायची आणि मागच्या खोलीतील टेबलाशी कोणाला बसू द्यायचे, याविषयीचे निर्णय तपासले, तर ते गिऱ्हाईक आपण होऊन दूर राहिले नसून त्याला दूर ठेवले गेले, असेच म्हणावे लागते.

युद्धखेळ, म्हणजे नकाशावर किंवा टेबलावर सोंगट्या मांडून लढाईचा सराव करणे, हा मूळचा लष्करी प्रकार असून 1824च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला गेला. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकाद्वारे तो घरच्या जमिनीवर आणला, तेव्हा लांबलचक उपशीर्षकात खेळाचे धनी म्हणून बारा ते दीडशे वर्षांच्या मुलग्यांचा उल्लेख केला आणि मुलांचे खेळ आवडणाऱ्या, अधिक हुशार अशा मुलींना अपवाद म्हणून सामावून घेतले. त्याआधी नऊ वर्षे, 1904 मध्ये, अमेरिकेत लिझी मॅगी या स्त्रीने 'द लँडलॉर्ड्स गेम' या पटाचे पेटंट मिळवलेले होते. पुढे त्यातूनच 'मोनोपॉली' उभा राहिला. मॅगी यांचे हक्क 1935 मध्ये 500 डॉलरना विकत घेतले गेले आणि श्रेय मात्र कित्येक दशके चार्ल्स डॅरो या पुरुषाच्या नावावर राहिले.

मुलींना गिऱ्हाईक मानण्याचा एक गाजलेला प्रयत्न 1957 मध्ये लायोनेल या खेळण्यातील आगगाड्यांच्या कंपनीने केला. गुलाबी इंजिन, गुलाबी टेंडर आणि मागे फिकट निळे, पिवळे, जांभळट डबे अशी ती गाडी होती. कोळशावर चालणारे गुलाबी इंजिन कोणत्याही रुळांवर धावत नसते, आणि या छंदाचा सारा आनंद तर प्रतिकृती मूळ वस्तूशी हुबेहूब जुळण्यात असतो. त्यामुळे ज्या मुलीला आगगाडीची खरी ओढ होती तिलाच हा माल सर्वांत परका वाटला असणार. गाडी खपली नाही. मुलींना गाड्या नकोतच, असा निष्कर्ष यातून काढणे धंद्याला सोपे होते. मुलींना खोटी गाडी नको होती, ही शक्यता मात्र तपासली गेली नाही. आज तोच संच दुर्मीळ म्हणून संग्राहकांत चढ्या भावाने विकला जातो.

जानेवारी 1974 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहान गावातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. भूमिकाखेळ या नव्या प्रकारात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राचा कारभार पाहतो आणि फाशांच्या साहाय्याने त्याची कथा घडवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते युद्धखेळांच्या मंडळांतून आलेले होते, आणि खेळाचा पहिला ग्राहकवर्गही त्याच मंडळांतला होता. तरीही कथेच्या अंगामुळे स्त्रिया या खेळाकडे लगोलग आल्या. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड यांनी 1975 मध्ये सुरू केलेले 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' हे खेळाडूंचे नियतकालिक त्यानंतर अनेक दशके चालले. नियमांनी मात्र स्त्रियांचे वेगळे स्वागत केले. 'द ड्रॅगन' मासिकाच्या 1976च्या एका अंकात स्त्रीपात्रांसाठी निराळे नियम सुचवले गेले आणि त्यांत व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाऐवजी सौंदर्याचे गुण मोजले गेले. 1978च्या अधिकृत नियमपुस्तकात मानवी पुरुष योद्ध्याचे बळ 18 या अंकापुढे शंभर टक्क्यांपर्यंत चढू शके, स्त्री योद्धीचे 50 टक्क्यांवर थांबे. वास्तवतेचा हवाला येथे टिकत नाही, कारण त्याच पानांवर हातातून आगीचे गोळे फेकणारे मांत्रिक वावरत होते. ही मर्यादा 1989च्या आवृत्तीत गेली.

नियम पुस्तकातून गेला तरी काउंटरवरून जात नाही. अशा दुकानांत आत आलेल्या पुरुषाला काय हवे असे विचारले जाई, तर स्त्रीला कोणासाठी हवे असे. तिच्यासोबत पुरुष असेल तर उत्तर त्याच्याकडे पाहून दिले जाई. ती एकटी असेल आणि स्वतःसाठीच घेत असेल, तर नियमांवर दोन-तीन खोचक प्रश्न विचारून तिची परीक्षा घेतली जाई, किंवा उलट तिला नको इतकी मदत देऊ केली जाई. अशा तक्रारी स्त्री खेळाडूंनी दशकानुदशके मांडल्या आहेत. दुकानाच्या रचनेनेही यात भर घातली : जाहिरातपत्रकांनी झाकलेली दर्शनी काच, अर्धनग्न योद्ध्यांच्या चित्रांची वेष्टने आणि तेच ते चेहरे रोज रात्री उशिरापर्यंत बसतात अशी मागची खोली. फुकट टेबल मिळालेला हा नित्याचा गट पदरमोड करून खरेदी करी, म्हणून त्याचे वागणे कितीही खटकले तरी दुकानदार गल्ल्याकडे पाहून गप्प राही.

1993 मध्ये आलेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाने ही मागची खोली भरून टाकली, कारण पत्ते विकत घेणे, बदलणे आणि स्पर्धा खेळणे या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली येऊन बसल्या. त्या काळी काउंटरच्या काचेखाली मानाने मांडला जाणारा 'शिवन ड्रॅगन' हा पत्ता मेलिसा बेन्सन यांनी रंगवलेला आहे. पत्त्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत, त्यांचे नाव छापलेले असते. तो हातात घेणाऱ्या प्रत्येकाने ते नाव वाचले असेल असे नाही. या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धामालिकेत, 'प्रो टूर'मध्ये, पहिल्या आठांत पोहोचणारी पहिली स्त्री मेलिसा डीटोरा ही ठरली, आणि त्यासाठी 2013 उजाडावे लागले. म्हणजे खेळ निघाल्यापासून वीस वर्षांनी. या विलंबाचे कारण बुद्धीत शोधणाऱ्यांनी आधी हे पाहावे की शहरातला सरावाचा मुख्य अड्डा तीच मागची खोली होती.

जेथे ही खोली लागत नव्हती तेथे चित्र निराळे दिसले. 1991च्या 'व्हँपायर : द मॅस्करेड' या भूमिकाखेळाने नातेसंबंध व दरबारी डावपेच केंद्रस्थानी आणले आणि तो खेळणाऱ्यांत स्त्रियांची संख्या ठळकपणे वाढली. 2010 मध्ये टोरांटोत 'स्नेक्स अँड लॅट्स' हे पटखेळांचे कॉफीगृह उघडले. तेथे प्रवेशमूल्य भरून कोणीही कपाटातला कोणताही खेळ टेबलावर घेऊन बसावा, आणि तो कसा खेळायचा हे न येणे यात काही कमीपणा मानू नये, कारण तो समजावून सांगणे हेच तेथील नोकरांचे काम होते.