परमहंस सभेचा पाव

१८४९ साली मुंबईत एक सभा निघाली. तिच्यात शिरायचं तर पावाचा तुकडा खावा लागे. पाव ख्रिस्त्याने भाजलेला आणि वर पाणी मुसलमानाच्या हातचं. जातिभेद मानणार नाही अशी प्रतिज्ञाही करावी लागे. एवढं झालं की माणूस परमहंस सभेचा. दारं लावून जमायचं, एका ईश्वराची मराठीतून प्रार्थना करायची, निरनिराळ्या जातींच्या मंडळींनी एकत्र बसून जेवायचं आणि बाहेर पडल्यावर ब्र काढायचा नाही.

शाळेत मी बरीच वर्षं इतिहास शिकवला. हा भाग आला की मुलं हमखास विचारत, ‘बाई, पाव खाण्यात काय एवढं?’ वडापावावर वाढलेल्या मुलांनी दुसरं काय विचारावं! माझं माहेर वसईचं. आजी सांगायची, फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, लोक नकळत ते पाणी प्याले आणि सगळं गाव बाटलं. असं खरोखर कुठे आणि किती घडलं हा प्रश्न वेगळा, पण ही गोष्ट वसईपासून गोव्यापर्यंत सांगितली जाते. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतली, फिरंगी गेले, पावाची धास्ती मात्र राहिली. त्यातून मुंबईतले पाववाले बहुतेक गोव्याकडचे ख्रिस्ती, आणि पीठ फुगवायला ताडी घालायची त्यांची रीत. म्हणजे परधर्म, परजात आणि मद्य, सगळंच त्या एका घासात. सभेचे प्रवर्तक दादोबा पांडुरंग यांच्या घराण्याचं मूळ गाव तर्खड, तेही वसईजवळचंच. सभासदाची परीक्षा पाहायला त्यांनी पावच निवडला, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

दादोबा म्हणजे मराठीचे व्याकरणकार. १८३६ मध्ये त्यांचं व्याकरण छापून निघालं तेव्हा ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. पुढे नोकरीनिमित्त सुरतेला गेले आणि तिथे १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. ती उघड चाले. मांत्रिकांना तिने चारचौघांत आव्हान दिलं होतं. मग तोच माणूस मुंबईत आल्यावर दारं का लावून घेतो?

याचं उत्तर मला श्रीपत शेषाद्रीच्या प्रकरणात सापडतं. १८४३ मध्ये हा कोवळ्या वयाचा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला. त्याच्या थोरल्या भावाने, नारायणने, बाप्तिस्माही घेतला होता. कोर्टाने श्रीपतला बापाच्या हवाली केलं. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे सरसावले, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. ज्यांच्या विद्वत्तेपुढे सगळी मुंबई मान तुकवे, त्या बाळशास्त्र्यांची ही गत, तर विशी-बाविशीतल्या कारकुनाची आणि मास्तराची काय कथा! वाळीत पडलेल्याच्या घरी कोणी जेवत नसे. त्याच्या मुलीला स्थळ मिळत नसे आणि घरात कुणी गेलं तर खांदा द्यायला माणसं येत नसत.

सभेचे अध्यक्ष रामचंद्र बाळकृष्ण जयकर. संख्या पुरेशी वाढली की उघड व्हायचं असा बेत होता. मुंबईबाहेरही सभेच्या शाखा निघाल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर विद्यार्थिदशेत तिच्यात होते. बाबा पदमनजीही होते. त्यांनी १८५४ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सभेबद्दल लिहिलं. फ्रीमेसनांची हिंदी लोकांना प्रवेश देणारी लॉज याच मुंबईत १८४३ मध्ये निघाली होती. तिथेही शपथा आणि खुणा गुप्त, पण आपण मेसन आहोत हे सांगायला कुणाला भीती नव्हती, उलट त्यात प्रतिष्ठा होती. परमहंसांना लपायचं होतं ते स्वतःच्याच घरापासून.

त्या घराचा विचार केला की मी अस्वस्थ होते. सभासद पुरुष होते. पाव खाऊन आलेला नवरा रात्री त्याच सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात पाटावर बसत असणार, आणि पहाटे उठून ओलेत्याने पाणी भरणाऱ्या त्याच्या बायकोला त्याचा पत्ता नसणार. तिच्या दृष्टीने चूल बाटली होती, पण ते तिला सांगणारं कोणी नव्हतं. जातिभेद मोडणारांनी घरातल्या बाईला त्या मोडण्यात धरलं नाही, हा त्यांचा दोष मला पावाच्या गुप्ततेहून मोठा वाटतो.

१८६० मध्ये सभेचे कागद चोरीला गेले. त्यांत सभासदांची यादी होती. नावं फुटल्याबरोबर घबराट उडाली आणि सभा मोडली.

या लोकांना भ्याड म्हणणं सोपं आहे. त्याच १८४९ मध्ये पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले मुलींना शिकवतात म्हणून वडिलांच्या घराबाहेर पडले, आणि पुढे १८६८ मध्ये जोतिरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तोही राजरोस. त्या धैर्याशी परमहंसांची बरोबरी होणार नाही. पण त्यांची भीती खोटी नव्हती. सभा मोडल्यानंतर तीस वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. तिथे गेलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापली गेली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. शेवटी न्यायमूर्ती रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं, टिळकांनाही. हायकोर्टापर्यंत पोचणाऱ्या रानड्यांची चहावरून ही अवस्था, आणि परमहंसांनी चाळीस वर्षांपूर्वी पाव खाल्ला होता. बंद दारामागे का होईना, आपल्यासारखं वाटणारी आणखी माणसं आहेत हे त्यांना तिथे कळलं. एकट्याने तेवढंही झालं नसतं.

सभा मोडली तरी माणसं गप्प बसली नाहीत. तुकाराम तात्या पडवळांचं ‘जातिभेद विवेकसार’ १८६१ मध्ये, म्हणजे यादी फुटल्यानंतर वर्षभरातच, ‘एक हिंदू’ या नावाने आलं. त्याची दुसरी आवृत्ती १८६५ मध्ये जोतिरावांनी काढली. १८६७ मध्ये दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला. जुने परमहंस तिथे आले, भांडारकरही आले. मात्र प्रवेशासाठी पाव खाण्याची अट या वेळी कुणी घातली नाही. आणि १८६८ मध्ये दादोबांचं ‘धर्मविवेचन’ छापून निघालं. सभेची तत्त्वं ज्यातून आली ते हे लेखन १८४३ पासून बासनात होतं. लेखकाच्या जागी नाव होतं ‘एक जगद्वासी आर्य’.