आवणीतल्या बायकांची नोंद

बदलापूर सोडून गाडी वांगणीकडे निघाली की उल्हास नदीच्या खोऱ्यातली खाचरं दिसू लागतात. राबासाठी पालापाचोळा आणि शेण गोळा करण्यापासून भात घरात येईपर्यंत या शेतीत बायकांचे हात असतात. नांगर पुरुषाचा, पण रोपं उपटून मुठी बांधणं, भर पावसात इरलं घेऊन वाकून आवणी करणं, मागाहून बेणणी, ही कामं मुख्यतः त्यांचीच.

दुसऱ्या महायुद्धात या कामाची किंमत सगळ्या मुलखाला कळायला हवी होती. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशी तांदूळ यायचा थांबला. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. सरकार 'अधिक धान्य पिकवा' म्हणत होतं, आणि त्याच सरकारने कल्याणच्या आसपासची जमीन लष्करासाठी घेतली. तिथल्या छावणीच्या जागेवर १९४९ मध्ये उल्हासनगर नावारूपाला आलं. नेवाळीला धावपट्टी झाली. तिथल्या जमिनीच्या हक्कासाठी शेतकरी जून २०१७ मध्येही रस्त्यावर उतरले होते.

ब्रिटनमध्ये याच काळात शेतावरच्या बायकांना गणवेश होता. १९१७ मध्ये स्थापन झालेली 'विमेन्स लँड आर्मी' १९३९ मध्ये पुन्हा उभी राहिली. १९४३ मध्ये तिच्यात ८० हजारांहून अधिक बायका होत्या. तरी हयात असलेल्यांना सरकारी बिल्ला मिळायला २००८ उजाडलं, आणि स्टॅफर्डशायरमध्ये पुतळा उभा राहिला तो २०१४ मध्ये.

आपल्याकडे साताऱ्याच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. त्यांची आठवण गाव अभिमानाने जपतं, आणि ते योग्यच आहे. पण पलटणीत गेलेल्यांच्या मागे खुरपणी, काढणी, मळणी ज्यांनी उरकली, सावकाराला तोंड दिलं, त्या बायकांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. सातबाऱ्यावरही क्वचितच.

म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम फार मोलाची वाटते. गावातल्या शंभर घरांनी जमिनीचा हिस्सा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला की ते 'लक्ष्मीमुक्ती गाव' ठरे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शेतकरी महिलांचं वर्ष ठरवलं आहे. वांगणीच्या ग्रामसभेला यंदा युद्धकाळात आवणी केलेल्या आज्या-पणज्यांची नावं घरोघरी विचारून नोंदवता येतील. ती सांगू शकणारी माणसं आता थोडीच उरली आहेत, त्यामुळे हे काम लगेच हाती घ्यायला हवं.